वर्गमित्राचा शोधनिबंध तपासताना लाल पेन शेवटी उचला

शोधनिबंध हातात पडला की नजर आधी ऱ्हस्व-दीर्घावर जाते. ते काम शेवटचं. पहिलं वाचन पेन बाजूला ठेवून करा आणि लेखकाचं म्हणणं एका वाक्यात आपल्या शब्दांत लिहून बघा. जमलं नाही, तर तीच तुमची पहिली नोंद.

समजा, निबंध १९७२चा दुष्काळ आणि रोजगार हमी योजनेवर आहे. लेखक म्हणतो, 'दुष्काळ पडला म्हणून योजना आली.' इथे थांबा. महाराष्ट्र विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे ही कल्पना दुष्काळाआधीपासून मांडत होते आणि रोजगार हमीचा कायदा संमत झाला १९७७ मध्ये. मग समासात 'चूक' असा शेरा नको. विचारा, 'कल्पना आधीची असेल तर दुष्काळाने नेमकं काय बदललं? दुष्काळ सरल्यावरही कायदा का करावा लागला?' अशा प्रश्नांतून लेखकाला पुढचा परिच्छेद सापडतो. 'छान', 'अजून सविस्तर हवं' यांतून काहीच सापडत नाही. (मैत्री सांभाळायला 'छान' लिहायचंच असेल, तर कोणता परिच्छेद आणि का, तेही लिहा.)

दोन-तीन संदर्भ स्वतः उघडून पाहा. त्या पानावर खरंच तेच म्हटलंय का? आकडा कोणत्या जिल्ह्याचा, कोणत्या वर्षाचा? बहुतेक गडबड इथेच निघते.

गुण द्यायचे असतील तर शिक्षकांनी दिलेले निकष समोर ठेवा, आणि प्रत्येक कापलेल्या गुणापुढे पान क्रमांक लिहा.