रोख मदत सिस्टिमवर आणताय? सॉफ्टवेअर नंतर, आधी यादी

मदतीचे पैसे डिजिटल पद्धतीने वाटायचे ठरले की पहिला प्रश्न येतो सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं. अहो पण पैसे कोणाला द्यायचे त्या यादीतच घोळ असेल तर भारीतली भारी सिस्टिम काय करणार, चुकीच्या माणसाला पैसे अजून लवकर पोचवणार.

नोंदणीसाठी कोबोटूलबॉक्स किंवा ओडीके, म्हणजे मोबाईलवर फॉर्म भरून माहिती गोळा करायची सॉफ्टवेअर, पुरतं, दोन्हीत नेट नसलं तरी मोबाईलवर फॉर्म भरता येतो आणि रेंज आली की सर्व्हरवर जातो. फॉर्ममध्ये फोन नंबर दोनदा टाकायला लावा आणि अंक कमी-जास्त झाले तर फॉर्म पुढे सरकूच नये असं सेट करा. प्रत्येक कुटुंबाला वेगळा आयडी द्या, नुसत्या नावावर जाऊ नका, एकच नाव तिघं तीन तऱ्हेनं लिहितात. आणि माहिती कशाला घेतोय, कोणाला देणार हे समोरच्याला कळेल अशा भाषेत सांगून मगच होकार घ्या.

मग डुप्लिकेट शोधा. फोन नंबरवरून, ओळखपत्रावरून, नाव आणि जन्मतारीख मिळून, सगळीकडून. पण सापडलं की लगेच उडवू नका, घरात फोन एकच असतो कितीदा, दोन नावांपुढे एक नंबर दिसला म्हणजे लबाडीच असं नाही, आधी विचारून घ्या.

आता एक्सेल, डोकं फिरतं ते इथे. यादीची सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरातला तक्ता) डबल क्लिक करून उघडली की नंबराच्या सुरुवातीचा शून्य गायब, आणि खाते नंबर 15 अंकांहून मोठा असेल तर पंधराव्या अंकानंतरच्या सगळ्या अंकांचे शून्य होतात, तसंच सेव्ह केलं की खेळ खल्लास, मूळ नंबर त्या फाइलमधून परत मिळत नाही. म्हणून फाइल इम्पोर्ट करा, तो कॉलम टेक्स्ट ठेवा, आणि मूळ फाइलची कॉपी बाजूला असू द्या.

पेमेंटची फाइल बनवणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, हे माणसं कमी असली तरी पाळाच. आधी थोड्याच लोकांना पाठवून बघा. पेमेंट कंपनीला नाव, नंबर, रक्कम एवढंच द्या, कोण आजारी कोण एकटी याच्याशी त्यांना काय करायचंय.

पैसे गेले की कंपनीचा रिपोर्ट आपल्या यादीशी आयडीवरून जुळवा. नाव जुळलं नाही, सिम बंद, वॉलेटची (मोबाईलवरच्या पैशांच्या खात्याची) मर्यादा भरली, अशा कारणांनी काही पेमेंट अडकणारच. ती परत पाठवायच्या आधी पहिलं खरंच फेल झालंय की नुसतं पेंडिंग आहे ते बघा, नाहीतर दोनदा जातात आणि मग वसुलीला कोण जाणार. प्रत्येक पेमेंटला वेगळा रेफरन्स नंबर असला की हे सोपं पडतं. आणि वॉलेटमध्ये जमा झाले म्हणजे हातात पडले असं धरू नका, काही जणांना फोन करून विचारा की काढता आले का, कोणी मध्ये कमिशन मागितलं का. ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांच्यासाठी कार्ड किंवा हातात रोख देण्याची सोय ठेवा, पण नोंद त्याच आयडीखाली त्याच यादीत झाली पाहिजे, वेगळी वही नको.