जुनी मॅन्युअल टेलिफोटो लेन्स निवडताना

जुनी मॅन्युअल (हाताने फोकस करायची) टेलिफोटो (दूरचे जवळ दाखवणारी) लेन्स घ्यायचे ठरवले, की नाव आणि किंमत पाहण्याआधी आपल्या कॅमेऱ्याचा माउंट, म्हणजे लेन्स जिथे बसते ते तोंड, पाहावा. माउंटपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचे अंतर प्रत्येक कंपनीने वेगळे ठेवले आहे. मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यात ते फार कमी असते, सोनीच्या ई माउंटमध्ये १८ मिमी आणि निकॉनच्या झेड माउंटमध्ये १६ मिमी. त्यामुळे मधल्या जागेत बिनकाचेचे साधे अॅडॉप्टर बसते आणि जवळजवळ कोणतीही जुनी लेन्स चालते. डीएसएलआरचे (आत आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्याचे) तसे नाही. जुन्या कॅनन एफडी माउंटसाठी हे अंतर ४२ मिमी होते, तर कॅननच्याच ईओएस डीएसएलआरमध्ये ते ४४ मिमी आहे, आणि एवढ्या दोन मिलिमीटरपायी ती लेन्स काचेच्या अॅडॉप्टरशिवाय दूरच्या वस्तूवर फोकस होत नाही. आट्यांच्या एम४२ लेन्स कॅननच्या डीएसएलआरवर नीट चालतात, निकॉनच्या डीएसएलआरवर मात्र तीच अडचण येते. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा असला, तरी १९७७ मध्ये एआय पद्धत (अॅपर्चर, म्हणजे लेन्समधले उजेडाचे छिद्र, किती ठेवले आहे हे कॅमेऱ्याला कळवणारी) येण्यापूर्वीची आणि नंतरही बदल न केलेली लेन्स अनेक डीएसएलआरवरची नाजूक कळ मोडू शकते, म्हणून ती जोर लावून कधीही बसवू नये.

यानंतर फोकल लांबीचा, म्हणजे लेन्स दूरचे किती मोठे दाखवते याचा, विचार करावा, आणि तो आपल्या खान्देशातल्या हवेसह करावा. पक्ष्यांचे फोटो काढायचे म्हणून नवखा माणूस थेट ५०० मिमीची लेन्स शोधू लागतो. मीही तेच केले होते. फेब्रुवारीत हतनूर जलाशयाच्या काठावर सकाळी दहानंतर चक्रवाकाची जोडी टिपत होतो; व्ह्यूफाइंडरमध्ये पक्षी मोठे दिसत होते, पण तापू लागलेल्या जमिनीवरच्या झळांनी त्यांच्या कडा सतत हलत होत्या, आणि पन्नासएक फोटोंपैकी एकातही डोळा स्पष्ट आला नाही. लेन्सने पक्ष्याबरोबर मधली हवाही मोठी केली होती. म्हणून पहिली लेन्स २०० मिमी, एफ/४ ची (हा सर्वांत मोठ्या अॅपर्चरचा आकडा) घ्यावी असे माझे ठाम मत आहे. एपीएस-सी (फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान) सेन्सरवर ती सुमारे ३०० मिमीइतकी चौकट देते, निकॉनची या मापाची एआय लेन्स वजनाने जेमतेम अर्धा किलो आहे, आणि सूर्य उगवताच काठावर बसून राहिले तर पक्षी आपण होऊन जवळ येतात. ३०० मिमीच्या बहुतेक जुन्या लेन्स किलोभराच्या आसपास असतात आणि त्यांना ट्रायपॉड लागतो. आरशाच्या ५०० मिमी एफ/८ लेन्स हलक्या असतात, पण त्यांचे अॅपर्चर बदलता येत नाही आणि मागचे उजेडाचे ठिपके कड्यांसारखे गोल उमटतात.

सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे आणि व्यापाऱ्यांचे चेहरे टिपायचे असतील, तर १३५ मिमी पुरेशी आहे. एम४२ मधली सोव्हिएत ज्युपिटर-३७ए ही १३५ मिमी, एफ/३.५ ची लेन्स मला या कामासाठी फार आवडते. तिच्या अॅपर्चरला १२ पाती आहेत, त्यामुळे मागची पुसट झालेली गर्दी मऊ दिसते.

खरी निवड होते ती लेन्स हातात आल्यावर. एकदा दुकानातल्या ट्यूबलाइटखाली चकचकीत दिसलेली १३५ मिमी मी घेऊन आलो, आणि संध्याकाळी केळीच्या बागेमागे उतरणाऱ्या सूर्याकडे रोखली, तर सगळा फोटो दुधाळ आला. आतल्या एका भिंगावर धुरकट थर चढला होता आणि तो समोरून दिसत नव्हता. तेव्हापासून मी मोबाइलची बॅटरी लावूनच लेन्स पाहतो. दोन्ही झाकणे काढावीत, अॅपर्चर पूर्ण उघडावे, एका टोकाने तिरका उजेड टाकावा आणि दुसऱ्या टोकाने पाहावे. कडेपासून कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू निघालेले दिसले, तर ती बुरशी समजावी. ती साफ होऊ शकते, पण तिने खाल्लेला लेप परत येत नाही. धुळीच्या चार कणांची काळजी करू नये. पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडाही फारसा नडत नाही. मागच्या काचेवरचा मात्र नडतो.

मग अॅपर्चरची पाती पाहावीत. मागची कळ दाबून सोडली, की ती झटकन उघडली-मिटली पाहिजेत. पात्यांवर तेलाची चमक असेल तर ती सावकाश हलतात, आणि आपल्या उन्हाळ्यात जुने ग्रीस पातळ होऊन तेल तिथवर येण्याची शक्यता अधिक असते. एम४२ लेन्सवर ए (ऑटो) आणि एम (मॅन्युअल) अशी कळ असल्यास ती एमवर करून मगच तपासावे. फोकस रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्याच जोराने फिरली पाहिजे. मध्येच करकर लागली तर आत रेती गेलेली असते.

शेवटी दुकानाच्या दारात उभे राहून रस्त्यापलीकडच्या पाटीचा आणि आकाशातल्या विजेच्या तारांचा पूर्ण उघड्या अॅपर्चरवर एकेक फोटो काढावा, आणि तोच पुन्हा एफ/८ वर काढावा. तारांना जांभळी किनार दिसणे या वयाच्या लेन्सला साहजिक आहे, पण एफ/८ वरही पाटीची अक्षरे एका बाजूला पुसट राहिली, तर आतले भिंग जागचे हललेले असू शकते आणि अशी लेन्स सोडून द्यावी. २०० मिमीला शटर सेकंदाच्या १/२०० भागापेक्षा सावकाश ठेवू नये, नाहीतर हात हलल्याचा दोष लेन्सच्या माथी येतो. काही लांब लेन्सची रिंग अनंताच्या (∞, सर्वांत दूरच्या फोकसच्या) खुणेच्याही थोडी पुढे फिरते. उष्णतेने धातू व काच प्रसरण पावतात म्हणून ती सोय मुद्दाम ठेवलेली असते. तेव्हा दूरच्या डोंगरासाठी रिंग शेवटपर्यंत न फिरवता चित्र मोठे करून डोळ्यांनी फोकस ठरवावा.

घरी आणलेली लेन्स पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावी, आणि एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ती अर्धा तासही ठेवू नये.