नवीन गाडी घेताय? सगळे पैसे एकदम भरायचे की लोन काढायचं, हिशोब असा करा

दसऱ्याच्या आधी मावसभावाबरोबर एका शोरूमला गेलो होतो. त्याची ८ लाखांची एफडी नुकतीच मॅच्युअर झालेली, त्यातूनच गाडी घ्यायची असं ठरवून आला होता, तर सेल्समनने कोटेशनच्या मागच्या बाजूला पेनाने दोन आकडे लिहून दाखवले. ८ लाख परत एफडीत टाकले तर ६.५ टक्क्यांनी ५ वर्षांत व्याज मिळणार ३ लाख ४ हजार, आणि ८ लाखांचं लोन ९ टक्क्यांनी काढलं तर व्याज जाणार १ लाख ९६ हजार, म्हणजे लोन घेतलंत तर लाखभर रुपये तुमचेच सुटतात. भाऊ गप्प झाला. मीही झालो, कारण दोन्ही आकडे बरोबर होते. गोम कुठे आहे ते रात्री घरी वही घेऊन बसलो तेव्हा कळलं.

गोम हप्त्यात आहे. त्या लोनचा हप्ता येतो महिना १६,६०७ रुपये, आणि तो एफडीतून जात नाही, तुमच्या पगारातून जातो, सलग ६० महिने. मग तुलना करायची तर अशी करा की गाडी एकरकमी घेतली आणि तेच १६,६०७ रुपये दर महिन्याला ६.५ टक्क्यांच्या आरडीत टाकले, तर ५ वर्षांनी हातात किती? साधारण ११ लाख ७२ हजार. आणि लोन काढून एफडी ठेवली तर? ११ लाख ४ हजार. म्हणजे एकरकमी घेणारा ६८ हजारांनी पुढे, आणि एफडीवरचं व्याज जास्त असल्यामुळे त्यावर टॅक्सही जास्त, तो फरक वेगळाच. साधा नियम लक्षात ठेवा, लोनचा दर ठेवीच्या दरापेक्षा जास्त असेल तर एकरकमी स्वस्त पडतं, कागदावर कुणी काहीही लिहून दाखवू दे. फक्त अट एकच, तो हप्ता खरंच आरडीत गेला पाहिजे. गाडी आली आणि महिन्याचे १६ हजार असेच खर्च झाले तर ५ वर्षांनी ना एफडी ना आरडी.

आता करायचं काय ते सांगतो.

सगळ्यात आधी ऑन-रोड किंमत काढा, एक्स-शोरूम नाही. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्सच ११ टक्के आहे, म्हणजे ८ लाखांच्या गाडीला ८८ हजार तिथेच गेले, त्यात इन्शुरन्स (नवीन कारला थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा विमा, ३ वर्षांचा एकदम घ्यावाच लागतो), शिवाय ॲक्सेसरीज. गाडी १० लाखांच्या वर असेल तर १ टक्का टीसीएस (डीलरने आगाऊ घेतलेला इन्कम टॅक्स) पण घेतात, तो रिटर्न भरताना मागून घेता येतो, विसरू नका.

मग घरातली एकूण शिल्लक मांडा आणि त्यातून सहा महिन्यांचा घरखर्च, मुलांची फी, आईवडिलांच्या दवाखान्यासाठीचे पैसे बाजूला काढा. उरतील तेवढेच गाडीचे. माझं मत इथे ठाम आहे, घरातली शेवटची एफडी मोडून किंवा सोनं विकून एकरकमी गाडी घेऊ नका, कारण उद्या अडचण आली तर पर्सनल लोन काढावं लागेल आणि ते कार लोनपेक्षा महाग पडतं. पैसे कमी पडत असतील तर जमेल तेवढं डाउन पेमेंट जास्त करा आणि बाकीचंच लोन घ्या, सगळं किंवा काहीच नाही असं थोडंच आहे.

लोन घ्यायचं ठरलं तर शोरूममध्ये जायच्या आधी आपल्या बँकेचा दर विचारून या. दर सांगतील तेव्हा एकच प्रश्न, फ्लॅट की रिड्युसिंग? ७ टक्के फ्लॅट ऐकायला स्वस्त वाटतं पण ५ वर्षांसाठी ते रिड्युसिंगच्या १२.५ टक्क्यांएवढं पडतं, कारण फ्लॅटमध्ये मुद्दल फिटत गेली तरी व्याज पूर्ण रकमेवरच लागत राहतं, रिड्युसिंगमध्ये फक्त उरलेल्या मुद्दलावर लागतं. आरबीआयच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून लोनसोबत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ (लोनच्या मुख्य अटींचा कागद) द्यावंच लागतं, त्यात प्रोसेसिंग फी वगैरे धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो, तो कागद सही करायच्या आधी मागा. मुदत वाढवून हप्ता कमी करतात तिथेही जपून, तेच ८ लाख ९ टक्क्यांनीच ७ वर्षांसाठी घेतले तर हप्ता १२,८७१ होतो पण व्याज २ लाख ८१ हजारांवर जातं. मुदतीआधी लोन फेडलं तर चार्ज किती तेही लिहून घ्या, फिक्स्ड दराच्या कार लोनवर तो बऱ्याचदा असतो.

डिस्काउंटचं बोलणं पूर्ण होईपर्यंत पैसे कसे देणार ते सांगू नका. लोन करून दिलं की डीलरला बँकेकडून कमिशन मिळतं, म्हणून एकरकमी म्हटलं की भाव जास्त तुटेल हा आपला समज बऱ्याचदा चुकतो. आधी फायनल आकडा कागदावर, मग पेमेंटचा विषय. इन्शुरन्स बाहेरून घ्यायची मुभा असते, तो भाव पण काढून ठेवा.

एकरकमी म्हणजे नोटांची बॅग नव्हे. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख डीलरला घेताच येत नाही, घेतली तर तेवढाच दंड त्याला बसतो. आरटीजीएस किंवा डीडी करा, तोही डीलरशिपच्या खात्यावरच, सेल्समनच्या नंबरवर एक रुपया नाही, आणि पावती लगेच.

लोनवाल्यांसाठी शेवटचं काम, जे माझ्याकडून राहिलं होतं. शेवटचा हप्ता गेला की आरसीवरचा बोजा (गाडी बँकेकडे तारण असल्याची नोंद) आपोआप उतरत नाही. बँकेकडून एनओसी (ना-हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ (बोजा काढायचा फॉर्म) घ्यायचे, आरटीओत अर्ज करून बोजा उतरवायचा. मी एनओसी फाइलला लावून ठेवली, तीन वर्षांनी गाडी विकायला काढली तर एनओसीची मुदत संपलेली, गिऱ्हाईक थांबेना आणि नवीन एनओसीसाठी बँकेत चार खेपा झाल्या. आरसीचं झालं की इन्शुरन्स पॉलिसीवरूनही बँकेचं नाव काढून घ्या, नाहीतर गाडी टोटल लॉस (दुरुस्तीपलीकडे) झाली तर क्लेमच्या वेळी पुन्हा बँकेचेच कागद शोधत बसावं लागतं.