ड्राइव्हचे ब्रेक सर्किट तपासण्यापूर्वीची तयारी

स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी ड्राइव्हमधील (मोटरचा वेग नियंत्रित करणाऱ्या उपकरणातील) फॉल्टच्या नोंदी उतरवून घ्याव्यात आणि बिघाड नेमका केव्हा दिसतो, हे यंत्र चालवणाऱ्याकडून समजून घ्यावे. वेग कमी होताना किंवा भार खाली उतरताना ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप होत असेल, तर रेझिस्टर (ब्रेक लागताना मोटरकडून परतणारी ऊर्जा उष्णतेत घालवणारा रोधक) तुटलेला असण्याची किंवा चॉपर (ती ऊर्जा रेझिस्टरकडे सोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) चालू होत नसण्याची शक्यता असते. मात्र मोटर थांबलेली असतानाही रेझिस्टर तापत असेल, तर चॉपरचा आयजीबीटी (त्यातील ट्रान्झिस्टर) शॉर्ट झाल्याची दाट शंका घ्यावी आणि मुख्य पुरवठा तत्काळ तोडावा, कारण असा प्रवाह स्टॉप बटणाने थांबत नाही.

ड्राइव्हचे मॅन्युअल जवळ असावे. त्यात दिलेला किमान ओहम आणि रेझिस्टरच्या नेमप्लेटवरील ओहम ताडून पाहावेत. ब्रेक लागताना डीसी बस (ड्राइव्हमधील डीसी पुरवठ्याची वाहिनी) 750 व्होल्टवर असताना 50 ओहमच्या रेझिस्टरमधून 15 अँपिअर वाहतात आणि 11.25 किलोवॉट उष्णता निर्माण होते; म्हणूनच बदली म्हणून बसवलेला कमी ओहमचा रेझिस्टर चॉपरचा बळी घेऊ शकतो. ओव्हरव्होल्टेज नियंत्रणाचे पॅरामीटरही पाहावे: ते चालू राहिले, तर ड्राइव्ह थांबण्याचा वेळ आपोआप लांबवतो, चॉपरला काम करण्याची पाळीच येत नाही आणि निर्दोष सर्किट सदोष वाटते.

साधनांमध्ये 1000 व्होल्ट, कॅट थ्री दर्जाचा मल्टिमीटर, मेगर (इन्सुलेशन तपासणारे मीटर), कुलूप आणि सूचनापाटी असावी. 415 व्होल्टच्या पुरवठ्यावर डीसी बस एरवी सुमारे 587 व्होल्ट असते आणि पुरवठा तोडल्यावरही कपॅसिटरमध्ये ती टिकते. ड्राइव्हवर छापलेला वेळ पूर्ण थांबावे; दिवा विझला यावर विसंबू नये, तर बसच्या टर्मिनलांवर व्होल्टेज मोजावे, आणि मीटर ठीक आहे याची खात्री मोजणीच्या आधी व नंतर चालू पुरवठ्यावर करून घ्यावी. हे मोजल्याशिवाय कोणालाही आत हात घालू देऊ नये.

रेझिस्टर थंड असताना दोन्ही तारा सोडवून ओहम मोजावेत. मेगर लावायचा तो याच अवस्थेत, ड्राइव्हला कधीही नाही. राहतो रेझिस्टरचा थर्मल स्विच, म्हणजे तो फार तापल्यास उघडणारा स्विच. त्याची तार केवळ ड्राइव्हच्या इनपुटला जोडलेली असेल, तर शॉर्ट झालेल्या चॉपरपुढे तिचा उपयोग नाही. ती मुख्य कॉन्टॅक्टरच्या (मुख्य पुरवठा जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) कॉइलचा पुरवठा तोडते की नाही, हे ड्रॉइंगवर विश्वास न ठेवता तार प्रत्यक्ष शोधत जाऊन पाहावे.