काय काळं पडू द्यायचं, ते आधी ठरवा: घरातली ब्लॅक अँड व्हाइट फोटोग्राफी

ठाण्याच्या नौपाड्यातल्या जुन्या घराचं माजघर असो की वाशीतल्या इमारतीतला दहा बाय बाराचा हॉल, ब्लॅक अँड व्हाइट फोटो फसतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने: खोलीतलं सगळंच दाखवायचा हट्ट. कपाटामागचा कोपराही दिसावा आणि खिडकीबाहेरचं झाडही, म्हणून कमी-जास्त उजेडाचे पाच एक्स्पोजर (फोटो) एकत्र करून एचडीआर केला जातो. हाती येते राखाडी खिचडी. रंगीत फोटोत ती खपून जाते, कारण हिरव्या भिंतीपुढची लाल उशी रंगामुळे वेगळी दिसते. रंग काढला की वेगळेपणा उरतो तो फक्त उजेडाचा. तेव्हा ट्रायपॉड उघडण्याआधीच ठरवा, या खोलीतली कुठली जागा काळी पडली तरी चालेल.

आकड्यांत बोलायचं तर बाहेर कडक ऊन असताना आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/८ (लेन्सच्या छिद्राचं माप) ला साधारण १/४०० सेकंद लागतात. त्याच वेळी खिडकीच्या उजेडावरच्या खोलीत अर्धा सेकंद लागू शकतो. फरक सुमारे साडेसात स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). आजचे सेन्सर हे अंतर पेलतात, पण चांगला प्रिंट जेमतेम सहा-सात स्टॉप दाखवतो. म्हणजे काहीतरी सोडावंच लागणार.

मीटर कुठे धरायचा

कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ १००, एफ/८, रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) आणि जेपेग दोन्ही. पिक्चर स्टाइल मोनोक्रोम ठेवा आणि कॉन्ट्रास्ट कमी करा. हिस्टोग्राम (कॅमेऱ्यावरचा उजेड-अंधाराचा आलेख) जेपेगवरून बनतो, त्यामुळे कॉन्ट्रास्ट जास्त असेल तर रॉमध्ये शाबूत असलेला उजेडही गेल्यासारखा दाखवतो.

आता स्पॉट मीटर लावा, म्हणजे कॅमेरा फ्रेममधल्या एका छोट्या भागाचाच उजेड मोजेल. ज्या पांढऱ्या भागाचा पोत दिसायलाच हवा, उदाहरणार्थ खिडकीशेजारची चुन्याची भिंत किंवा सुती पडदा, त्यावर तो धरा. मीटर त्या भागाला मधला राखाडी समजतो, म्हणून एक्स्पोजर तिथून दीड ते दोन स्टॉप वाढवा. न वाढवता घेतलेली पांढरी भिंत मळकी येते आणि मग एडिटिंगमध्ये ती उचलताना सावल्यांत दाणे दिसू लागतात. यानंतर सावलीचा जो भाग हवाय तो मोजा. ठरलेल्या एक्स्पोजरपेक्षा तो तीन स्टॉप खाली असेल तर निश्चिंत राहा. पाच स्टॉप खाली असेल तर दोन स्टॉप जास्तीची आणखी एक फ्रेम घेऊन ठेवा, पण तिच्यातून फक्त तो कोपराच घ्या. स्टीलच्या डब्यांवरची चमक आणि दिव्याचा बल्ब मोजण्याच्या फंदात पडू नका. ते पांढरेफट्टच शोभतात.

फिल्मवर हिशोब उलटा. तिथे सावली आधी: पोत हवा असलेली सर्वांत गडद जागा मोजा आणि एक्स्पोजर तिथून दोन स्टॉप कमी करा. लांब एक्स्पोजरला फिल्म मंदावते हेही धरा. इलफर्ड एचपी५ प्लस या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मला मीटरने चार सेकंद सांगितले तर सहा द्यावे लागतात, आणि दहा सांगितले तर जवळजवळ वीस.

पंखा बंद करा. एक सेकंदाच्या एक्स्पोजरमध्ये तो राखाडी तबकडी होतो आणि पडदाही हलवतो. एलईडी दिवे चालू ठेवायचे असतील तर शटर १/१००, १/५० किंवा त्याहून मंद ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि वेगवान शटरला फोटोत आडवे पट्टे उमटतात.

ऊन कधी आत येतं

याचा विचार फार कमी जण करतात, आणि फोटो तर इथेच घडतो. मेच्या मध्यावर दुपारी सूर्य ठाण्याच्या थेट डोक्यावर असतो, खिडकीतून ऊन आत येतच नाही. डिसेंबरच्या शेवटी मात्र दुपारी साडेबाराच्या सुमारास तो दक्षिणेला साधारण ४७ अंशांवर असतो. दक्षिणेच्या खिडकीची वरची कड सात फुटांवर असेल तर ऊन सुमारे साडेसहा फूट आत जमिनीवर पोहोचतं. वर दोन फुटांचा छज्जा असेल तर त्यातले दोन फूट वजा करा.

ग्रिलची सावली हवी असेल तर अंतर मोजा. १२ मिलिमीटरच्या गजाची पूर्ण गडद सावली साधारण सव्वाचार फुटांपर्यंतच टिकते, त्यापुढे ती फिकी आणि पसरट होते. आपल्याकडची बॉक्स ग्रिल बाहेर दीड-दोन फूट काढलेली असते, तिथेच निम्मं अंतर संपतं. अशा वेळी जमिनीवरच्या सावलीचा नाद सोडून खिडकीलगतच्या बाजूच्या भिंतीवरची धरा. मच्छरजाळी सरकवायला विसरू नका, ती उजेडही खाते आणि सावलीची धारही.

पावसाळ्यात उजेड मऊ आणि चौफेर असतो. जुनं लाकूड, तांब्या-पितळ यांना तो छान मानवतो, मात्र खोली सपाट दिसते. दोन खिडक्या असतील तर एक जाड चादरीने झाका. उजेड एका बाजूने आला की वस्तूंना गोलाई येते. उलट ऊन फार कडक असेल तर खिडकीवर मांजरपाट ताणा.

फ्रेम

कॅमेऱ्याची उंची साडेतीन ते चार फूट ठेवा आणि तो लेव्हलमध्ये ठेवा. उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून घेतलं तर नऊ फुटी पांढरं छत फ्रेमचा मोठा तुकडा गिळतं. ते टाळायला कॅमेरा खाली झुकवला की भिंती तळाशी जवळ येतात. फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) २४ ते २८ मिलिमीटरची लेन्स पुरे, खोली छोटी असेल तर दारात उभे राहा. त्याहून रुंद लेन्सला कडेची कळशी अंड्यासारखी लांबते.

खिडकी फ्रेमच्या मधोमध नको. बाहेर ठेवा किंवा कडेला अर्धीच घ्या, नाहीतर नजर तिथेच अडकते. मग डोळे किलकिले करून बघा: सागवानी कपाट गडद भिंतीत बुडतंय का? बुडत असेल तर कॅमेरा अर्धा फूट सरकवा, म्हणजे कपाटाची कड उजळ दाराच्या चौकटीवर येईल. इतकं पुरतं, आणि नंतर एडिटिंगमध्ये तास घालवण्यापेक्षा ते सोपं आहे. केबलच्या वायरी, कॅलेंडर, पाण्याच्या बाटल्या आधीच हलवा.

रंगाचे राखाडी करताना

पिस्ता भिंत आणि लाल कोब्याची जमीन एकाच राखाडीत मिसळली तर एडिटिंगच्या ब्लॅक अँड व्हाइट सेटिंगमधला लाल स्लायडर (त्या रंगाचा उजेड कमी-जास्त करणारी पट्टी) खाली घ्या, जमीन गडद होईल. खोलीत पिवळा बल्ब आणि खिडकीचा उजेड दोन्ही असतील तर व्हाइट बॅलन्स डेलाइटवर ठेवा. बल्बचा भाग नारिंगी राहतो, त्यामुळे नारिंगी-पिवळा स्लायडर हलवून फक्त त्याचाच उजेड कमी-जास्त करता येतो. निळा स्लायडर मात्र -४० च्या खाली ओढू नका, खिडकीशेजारच्या भिंतीवर डाग उठतात.

मॅट कागदावर प्रिंट काढणार असाल तर सावल्या स्क्रीनवर दिसतात त्यापेक्षा सुमारे एक तृतीयांश स्टॉप उजळ ठेवा आणि आधी पाच बाय सातचा तुकडा छापून तो खिडकीपाशी नेऊन पाहा.