शेपटीचा पट्टा आणि ठिणग्या

जानेवारीतल्या कोरड्या सकाळी खारघरच्या मैदानावर माझं रिमोटवर उडणारं ४५० आकाराचं मॉडेल हेलिकॉप्टर हवेतच दचकायला लागलं. पावसाळ्यात कधी नाही! मी उगाच रिमोटचे संदेश पकडणारा रिसीव्हर बदलला, पैसे पाण्यात. खरा चोर शेपटीचा पंखा फिरवणारा रबरी पट्टा. तो पुलीवर फिरताना स्थिर वीज साठते, बूमवरून, म्हणजे शेपटीच्या नळीवरून, फ्रेमवर उडी मारते आणि सर्व्हो, म्हणजे पात्यांचा कोन बदलणाऱ्या छोट्या मोटरी, झटके देतात.

बूमपासून मोटरच्या धातूच्या अंगापर्यंत बारीक वायर जोडा. त्याआधी बॅटरी काढा आणि दोन्हीकडचा रंगीत ॲनोडाइझ थर पॉलिश पेपरने खरवडा. त्या थरातून वीज जात नाही, मी इथेच फसलो होतो. वीज जाते का हे बूम आणि मोटरमध्ये तपासताना मल्टिमीटर ‘टीं’ वाजलाच पाहिजे. तरीही झटके आले, तर २.४ गिगाहर्ट्झ रिसीव्हरच्या दोन्ही अँटेना एकमेकींशी काटकोनात, कार्बन फ्रेमपासून लांब ठेवा.