फ्रीझरमधलं नाणं

अटलांटिकचा हरिकेन (चक्रीवादळ) हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. घर सोडून जावं लागलं, की परतल्यावर प्रश्न उरतो: मधे वीज किती वेळ गेली होती?

१. कपभर पाणी फ्रीझरमध्ये गोठवा.
२. निघताना बर्फावर नाणं ठेवा.
३. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवा, काठोकाठ न भरता. दार बंद राहिलं तर गच्च भरलेला फ्रीझर सुमारे ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४.

नाणं वरच दिसलं तर बर्फ वितळला नाही. तळाशी किंवा मधेच अडकलेलं दिसलं तर तो वितळून पुन्हा गोठला; फ्रीझरमधलं सगळं फेका. जिवावर येतं, पण वास किंवा चव घेऊन ठरवू नका. हे फक्त फ्रीझरपुरतं. वीज गेल्यावर फ्रिजमधलं दूध, मांस ४ तासच टिकतं.